कुलाब्याच्या पावसावरून सांताक्रूझचा पाऊस कळतो का?

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, कुलाब्याला जेमतेम ७३. हे आकडे दाखवून ‘या दोन ठिकाणच्या पावसाचा एकमेकांशी काही संबंध नाही’ असं सर्रास म्हटलं जातं. पण हवामान खात्याच्या हिशेबात ६४.५ मिलिमीटरपासून पुढे जोरदार पाऊस धरतात, म्हणजे कुलाब्यातही त्या दिवशी जोरदारच बरसला! आणि एका दिवसावरून तसंही काहीच ठरत नाही.

दोन नोंदी स्वतंत्र असतील, तर एक कळल्यावर दुसरीबद्दलचा अंदाज जराही बदलता कामा नये. समजा, एका केंद्रावर ६० टक्के दिवस पावसाचे आहेत आणि दुसऱ्यावर ५० टक्के. ती स्वतंत्र असतील, तर दोन्हीकडे एकाच दिवशी पाऊस साधारण ३० टक्के दिवशी दिसेल. प्रत्यक्षात ४५ टक्के निघाले, तर संबंधाचा संशय घ्यायचा.

नुसता संशयच, कारण ऋतू फसवतो. वर्षभराचे आकडे घेतले तर मुंबई आणि नागपूरसुद्धा घट्ट बांधलेली दिसतील; जानेवारीत दोन्ही कोरडी, जुलैत दोन्ही ओली. म्हणून तुलना एकाच महिन्यातल्या दिवसांची करायची.

दुसरी अडचण जास्त चिवट आहे. कालचा पाऊस आजवर रेंगाळतो. गॅब्रिएल आणि नॉयमन यांनी १९६२ साली तेल अवीवच्या हिवाळी पावसाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आदला दिवस ओला असेल तर आज पावसाची शक्यता सुमारे ६६ टक्के, कोरडा असेल तर २५. पावसाळी दिवसांचं प्रमाण काढताना अशा ३० दिवसांच्या नोंदींचं वजन फार तर १२-१३ स्वतंत्र दिवसांइतकं भरतं. तीस आकडे हाताशी आहेत म्हणून तीस पुरावे मिळाले, असं होत नाही.

यावर मला आवडणारा उपाय अगदी साधा आहे. कुलाब्याचा एका वर्षीचा जुलै सांताक्रूझच्या भलत्याच वर्षीच्या जुलैशी जोडायचा. ऋतू तोच, पावसाचं रेंगाळणंही तसंच. तुटतो तो फक्त दोन ठिकाणांमधला दुवा. अशा शेकडो खोट्या जोड्यांमध्ये दोन्हीकडे एकदम पाऊस किती दिवस पडला ते मोजायचं. खऱ्या जोडीचा आकडा त्या सगळ्यांच्या वर गेला, तर दोन्ही ठिकाणं स्वतंत्र नाहीत असं बिनधास्त म्हणावं.