औंध : ७२ गावांचं संस्थान आणि गावांच्या हाती गेलेला कारभार

औंध म्हटलं की हल्ली पुण्याचं औंध डोळ्यांपुढे येतं. हे औंध वेगळं. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात, पावसाने कायम हात आखडता घेतलेल्या मुलखात, मूळपीठ डोंगराच्या पायथ्याशी वसलेलं. वर डोंगरावर यमाई. तिने औंधासुराला मारलं अशी कथा इथे लहान पोरंही सांगतात. पौषात तिची यात्रा भरते आणि एरवी शांत असलेलं गाव माणसांनी फुलून जातं.

यमाई ही पंतप्रतिनिधींची कुलदेवता. छत्रपती राजाराम महाराजांनी जिंजीत निर्माण केलेलं प्रतिनिधिपद, म्हणजे छत्रपतींच्या वतीने कारभार पाहण्याचं पद, पुढे किन्हईच्या परशुराम त्र्यंबकांकडे आलं, आणि त्यांच्या घराण्याचं संस्थान औंधच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. संस्थान जेमतेम ७२ गावांचं, तेही सलग नाही. आटपाडी एकीकडे, कुंडल दुसरीकडे, गुणदाळ तर पार विजापूरकडे.

१९०९ साली गादीवर आलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब स्वतः चित्रं काढत, कीर्तन करत आणि शाळाशाळांतून सूर्यनमस्कार घालून घेत. बेळगावातली कारखान्याची जागा सोडावी लागलेल्या उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी १९१० मध्ये कुंडलजवळचा माळ दिला. तीच आजची किर्लोस्करवाडी. १९३८ मध्ये त्यांनी डोंगराच्या उतारावर संग्रहालय उभारलं. तिथे राजा रविवर्म्याचं सैरंध्रीचं चित्र आहे आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं आई-मुलाचं दगडी शिल्पही आहे. खटावसारख्या तालुक्यात हेन्री मूर पाहायला मिळावा, याचं मला दर वेळी नव्याने अप्रूप वाटतं.

पण औंधची खरी थोरवी या संग्रहालयात नाही, असं माझं मत आहे. ती आहे त्याच काळात राजाने घेतलेल्या एका निर्णयात. स्वतःचे अधिकार सोडून कारभार रयतेच्या हाती द्यायचं बाळासाहेबांनी ठरवलं. त्यांचे चिरंजीव बॅरिस्टर अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हे या कामी पुढे होते. फ्रीडमन मूळचे पोलंडचे ज्यू अभियंते, पण भगवी वस्त्रं घेऊन भारतानंद झालेले. मसुदा गांधीजींच्या सल्ल्याने तयार झाला, आणि राजाने स्वतः साधेपणाने राहावं, अशी गांधीजींची अपेक्षा होती. जानेवारी १९३९ मध्ये ही राज्यघटना लागू झाली. गावाने पाच पंच निवडायचे, पंचायतींतून तालुक्याची सभा आणि त्यावर संस्थानचं विधिमंडळ. गावचे तंटे शक्यतो गावातच मिटवायचे. महाराष्ट्रात त्रिस्तरीय पंचायत राज आलं १ मे १९६२ रोजी. त्याच्या तेवीस वर्षं आधी या कोरडवाहू गावांतले शेतकरी चावडीवर बसून आपल्या गावचा जमाखर्च ठरवत होते.

हाच विश्वास बाळासाहेबांनी कैद्यांवरही टाकला. १९३९ मध्येच आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. तिथे गुन्हेगारांना भिंतींआड न कोंडता जमीन कसायला दिली. या परिसरात वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांनी पुढे ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाची कथा लिहिली, तिचं मूळ या वसाहतीत आहे.

बेचाळीसनंतर इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या भूमिगतांनाही औंधच्या गावांनी आसरा दिला. मग स्वातंत्र्य आलं आणि ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. औंधची राज्यघटना तिथेच संपली. वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकर यांनीही वेदांच्या अभ्यासासाठी काढलेली आपली संस्था, स्वाध्याय मंडळ, औंधहून गुजरातेतल्या पारडीला नेली.

गावाने मात्र गाणं सोडलं नाही. अंतुबुवा जोशी यांनी १९४० मध्ये आपल्या गुरूंच्या, शिवानंदस्वामींच्या, स्मरणार्थ सुरू केलेला संगीत महोत्सव पुढे त्यांचे चिरंजीव गजाननबुवांनी वाढवला. आजही दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत मोठमोठे गवई इथे येतात आणि रात्र रात्र मैफल चालते. तिकडे स्वतंत्रपुरातही कैदी अजून राहतात, बायकामुलांसह, शेती करत.