जांभळी, लाल, निळी: घरच्या सर्व्हरच्या डिस्कमागचा इतिहास

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ‘सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला लावायला हार्ड डिस्क द्या’ म्हटलं, की जांभळ्या लेबलची डिस्क काउंटरवर येते. एनएएससाठी, म्हणजे घरभर फाइली पुरवणाऱ्या नेटवर्कवरच्या डब्यासाठी, विचारलं तर लाल, साध्या कॉम्प्युटरसाठी निळी. पण एकाच डब्यात चार कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंगही जाणार आहे आणि सिनेमे, गाणी, लग्नाचे व्हिडिओही, असं सांगितलं की उत्तर दुकानागणिक बदलतं. रंग जाहिरातवाल्यांनी दिलेले असले, तरी त्यांच्या खालचं भांडण जुनं आणि खरं आहे. वाचता न येणारी जागा लागली, तर डिस्कने तिथेच अडून प्रयत्न करत राहायचं, की सोडून पुढे जायचं?

कॅसेटच्या काळात हा प्रश्नच नव्हता. बँका आणि दुकानांतले टाइम-लॅप्स व्हीसीआर एकाच कॅसेटवर आख्खा दिवस ताणून बसवायचे. चित्र तुटक यायचं, टेप झिजली की त्यावर मुंग्या दिसायच्या, पण टेप अडून बसायची नाही. बऱ्याच ठिकाणी महिन्याच्या प्रत्येक तारखेची एक अशा ३१ कॅसेट फिरवल्या जायच्या. ‘फुटेज महिनाभर तरी राहिलं पाहिजे’ हा सोसायट्यांमधला हट्ट बहुधा तिथूनच आला असावा.

डिस्कचा स्वभाव वेगळा. ती जन्माला आली हिशेबासाठी, आणि हिशेबात एक आकडा चुकलेला चालत नाही, उशीर चालतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कॉम्प्युटरवर व्हिडिओ एडिट करणाऱ्यांना हे पहिल्यांदा नडलं. त्या वेळच्या अनेक डिस्क तापमानाने तबकड्या प्रसरण पावल्या की मधूनच काम थांबवून आपलं माप पुन्हा जुळवून घ्यायच्या. फाइल उघडताना हे कळायचंही नाही. व्हिडिओच्या फ्रेमा मात्र गळायच्या. मग मायक्रोपोलिससारख्या कंपन्यांनी अशी विश्रांती न घेणाऱ्या ‘एव्ही’ डिस्क काढल्या. कामानुसार वेगळी डिस्क विकण्याची सुरुवात साधारण इथून धरायला हरकत नाही.

१९९९ मध्ये अमेरिकेत टिव्हो आणि रिप्ले टीव्ही आले आणि टीव्हीखालच्या डब्यात हार्ड डिस्क शिरली. चालू कार्यक्रम लिहायचा आणि त्याच वेळी मागचा वाचून दाखवायचा, अशी तिची दुहेरी नोकरी. डिस्कशी बोलण्याच्या एटीए मानकाच्या सातव्या आवृत्तीत मग स्ट्रीमिंगच्या खास आज्ञा आल्या. रेकॉर्डर डिस्कला सांगू लागला, की एवढ्या वेळात जमलं तर ठीक, नाहीतर मिळालं तेवढं दे आणि पुढे चल. आजच्या जांभळ्या डिस्कचं मूळ यातच आहे. म्हणूनच ‘जांभळी डिस्क कॉम्प्युटरला लावली तर फाइली खराब होतात’ ही ऐकीव गोष्ट फारशी खरी नाही. साधा कॉम्प्युटर किंवा लिनक्सचा सर्व्हर त्या खास आज्ञा देतच नाही, त्यामुळे तिथे तीही इतर डिस्कसारखीच वागते.

दुसरी वाट निघाली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातून. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये रेडची (RAID; लाल रंगाशी संबंध नाही) कल्पना मांडली. स्वस्त डिस्कांचा जथा करायचा आणि एखादी गेली तरी माहिती बाकीच्यांवरून उभी करायची. अशा जथ्यातल्या डिस्कने बॅड सेक्टरपाशी झुंजत बसण्यात अर्थ नसतो, कारण तीच माहिती शेजारणीकडून मिळणार असते. तिने साधारण ७ सेकंदांत हात वर करावेत अशी अपेक्षा. एकट्या डेस्कटॉप डिस्कला शेजारीण नसते, म्हणून ती मिनिटभर किंवा त्याहूनही जास्त झगडते, आणि तेवढ्यात जथा सांभाळणारा कंट्रोलर तिला मेली समजून जथ्यातून काढून टाकतो. चांगली डिस्क, केवळ चिकाटीपायी बाद!

डिस्क बनवणाऱ्या दोन बड्या कंपन्यांपैकी वेस्टर्न डिजिटल या वेळमर्यादेला टीएलईआर म्हणते, सीगेट ईआरसी. सुरुवातीला वेस्टर्न डिजिटलच्या स्वस्त डिस्कांवरही छोट्या प्रोग्रॅमने ती चालू करता यायची. पुढे कंपनीने ते दार बंद केलं. घरी एनएएस बांधणारे चिडले, आणि माझ्या मते रास्तच चिडले. डिस्कला जे येत होतं, त्याचेच आता जादा पैसे पडणार होते. लिनक्सवर आजही स्मार्टसीटीएल या डिस्क तपासायच्या प्रोग्रॅमने ही मर्यादा विचारता येते. आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात असतो, म्हणजे ७० दिसलं तर ७ सेकंद. ही सोय नसलेली डिस्क जथ्यात असेल, तर कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, मूळची ३० सेकंदांची सबुरी वाढवून ठेवावी लागते.

मग २०११चा पूर आला. थायलंडमध्ये वेस्टर्न डिजिटलचा बांग पा-इनचा कारखाना पाण्यात गेला आणि जगभर डिस्कचे भाव भडकले. ते हळूहळू उतरले, पण त्याच वर्षाअखेर दोन्ही बड्या कंपन्यांनी साध्या डिस्कांची वॉरंटी कापली, ती कुठे दोन वर्षांवर, कुठे एका वर्षावर आली. २०१२ मध्ये वेस्टर्न डिजिटलची घरगुती एनएएससाठी लाल लेबलची ‘रेड’ डिस्क आली, तीन वर्षांच्या वॉरंटीसह. २०१४ मध्ये कॅमेऱ्यांसाठी पर्पल. सीगेटच्या आयर्नवुल्फ आणि स्कायहॉक २०१६च्या. पूर नसता तर रंग आलेच नसते असं नाही, पण जी वॉरंटी पूर्वी सगळ्यांना मिळे, ती नंतर लेबल बघून मिळू लागली.

तरीही लेबलाखाली काहीच नाही असं म्हणता येत नाही. समजा चार कॅमेरे, प्रत्येकाचा प्रवाह सेकंदाला ४ मेगाबिट. म्हणजे सेकंदाला २ मेगाबाइट, दिवसाला सुमारे १७३ जीबी. ४ टीबीच्या डिस्कवर जेमतेम २३ दिवस मावतात. ‘महिनाभर’ हवं तर ६ टीबी घ्यावी लागते. वर्षाचं लिखाण होतं ६३ टीबी. सीगेटच्या साध्या बाराकुडावर वर्षाला ५५ टीबी आणि २,४०० तास अशी मर्यादा लिहिलेली असते, आणि कॅमेरा तर वर्षाचे सगळे ८,७६० तास चालतो. स्कायहॉक किंवा पर्पलचा आकडा १८० टीबीचा, चोवीस तासांचा.

२०२० मध्ये लेबलाचीच अब्रू गेली. २ ते ६ टीबीच्या काही रेड डिस्कांमध्ये वेस्टर्न डिजिटलने गाजावाजा न करता एसएमआर तंत्र आणलं होतं. त्यात लिखाणाचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. जागा वाचते, पण मधलं एक बदलायचं तर पुढची रांग उचलून पुन्हा बसवावी लागते. जथ्यातली मेलेली डिस्क बदलून नवी भरताना हे तंत्र गुडघे टेकतं, आणि असे जथे बांधणारी झेडएफएस ही फाइल व्यवस्था वापरणाऱ्यांच्या नेमकं तेच लक्षात आलं. गदारोळ आणि कोर्टकज्जे झाल्यावर कंपनीने यादी जाहीर केली आणि सीएमआर, म्हणजे पट्टे एकमेकांवर न चढवणाऱ्या, डिस्कांना ‘रेड प्लस’ असं वेगळं नाव दिलं. तेव्हापासून रंगाआधी मॉडेल नंबर बघायची पद्धत पडली, आणि ती चांगली आहे.

एकाच डब्यात दोन्ही कामं हा त्यामानाने नवा प्रकार. सिनेमे-गाणी दाखवणारे प्लेक्स आणि २०१८ मध्ये निघालेलं जेलीफिन, आणि कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं फ्रिगेट हे सगळं एका छोट्या पीसीवर चालू लागलं. त्यात सिनेमा दाखवणं हे डिस्कला किरकोळ काम आहे. जड काम कॅमेऱ्यांचं, आणि त्यांचं फुटेज तसं टाकाऊच. परवाचं रेकॉर्डिंग गेलं तर बहुतेक वेळा कुणी विचारतही नाही. लग्नाचा व्हिडिओ गेला तर घरात बोलणी खावी लागतात. म्हणून फुटेजला एकच जांभळी डिस्क, जथा-बिथा काही नको. घरच्या फाइलींना दोन सीएमआर डिस्कांची जोडी आणि शिवाय बाहेर एक प्रत. सिस्टिम आणि डेटाबेस एसएसडीवर. सगळं एकाच जथ्यात कोंबण्याचा सल्ला मला पटत नाही. कॅमेरे त्या जथ्यातल्या एकाही डिस्कला कधी झोपू देत नाहीत.

आणि अगदी अलीकडचं म्हणजे, २०२५च्या सुरुवातीला जर्मनीतून बातमी आली, की डेटा सेंटरमधल्या वापरलेल्या सीगेट डिस्क नव्या म्हणून विकल्या जात आहेत. स्मार्टमधले, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्यातले, वापराचे तास पुसलेले होते, पण सीगेटच्या स्वतःच्या ‘फार्म’ (FARM) नावाच्या वेगळ्या नोंदीत खरे तास तसेच राहिले होते. स्मार्टमॉनटूल्सच्या (स्मार्टसीटीएल याच संचातलं) नव्या आवृत्तीत हे दोन्ही आकडे दिसतात. सीगेट घेतली असेल, तर डिस्क बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत ते ताडून पाहावेत.