व्यावसायिक चार्जिंग स्टेशनची निवड

कार्यालय, कारखाना, दुकान, हॉटेल किंवा स्वतःचा वाहनताफा असलेला व्यवसाय आपल्या आवारात विजेवरील वाहनांसाठी चार्जर बसवतो, तेव्हा त्यांचा प्रकार, क्षमता, संख्या व वीजजोडणी ठरवण्याची प्रक्रिया. चौकशीची सुरुवात बहुधा ‘किती किलोवॅटचा?’ इथून होते. त्याआधी विचारायला हवे ते हे, की गाडी तिथे किती वेळ उभी राहणार.

एसी, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाचा, चार्जर हा नावापुरताच चार्जर. तो गाडीला सुरक्षितपणे वीज जोडून देतो. बॅटरीला लागणारी डीसी (एकाच दिशेने वाहणारी) वीज तयार करतो तो गाडीच्या आत बसवलेला चार्जर. ३२ अँपिअरच्या सिंगल फेज जोडणीवर सुमारे ७.४ किलोवॅट मिळतात, थ्री फेजवर २२. मात्र गाडीतला चार्जर सिंगल फेजचा व ७.४ किलोवॅटचा असेल, तर २२ किलोवॅटच्या चार्जरवरही ती ७.४ च घेते. वरचा खर्च वाया. डीसी चार्जरमध्ये हे रूपांतर बाहेरच्या कपाटात होते. त्याची क्षमता सामान्यतः ५० ते ३५० किलोवॅट असते, पण बॅटरी साधारण ८० टक्के भरल्यावर वेग बराच उतरतो.

रोज ५० किलोमीटर ये-जा करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या मोटारीला, १०० किलोमीटरला १५ युनिट धरल्यास, साडेसात युनिट पुरतात. अशा दहा गाड्यांना मिळून ७५. गाड्या आठ तास उभ्या असतील, तर २२ किलोवॅटची एकच थ्री फेज जोडणी वाटून घेऊन १७६ युनिट देता येतात. चार्जिंगमधली गळती धरली तरी ही वीज भरपूर झाली. दहा चार्जरसाठी ७४ किलोवॅट मंजूर करून घेण्याची गरज नसते. ही वाटणी भार व्यवस्थापन प्रणाली करते. चार्जर केबलमधल्या एका बारीक तारेवरून गाडीला १ किलोहर्ट्झचा संकेत पाठवतो. त्याच्या स्पंदाच्या रुंदीवरून किती प्रवाह ओढायचा हे गाडीला कळते. मर्यादा ६ अँपिअरच्या खाली नेता येत नाही, म्हणून फार गाड्या आल्या की काहींना पाळीसाठी थांबावे लागते.

महामार्गावरच्या हॉटेलात मात्र पाहुणा चाळीस मिनिटांत उठतो. तिथे ५० किलोवॅटच्या डीसी चार्जरला पर्याय नाही. तेवढ्या वेळात तो तीसएक युनिट देऊ शकतो. पण एवढा भार मंजूर भारात बसतो का, ट्रान्सफॉर्मर पुरतो का आणि कमाल मागणीनुसार लागणारा मागणी आकार किती वाढतो, हे आधी तपासावे लागते. अनेकदा चार्जरच्या किमतीपेक्षा हाच खर्च जड जातो.

प्लग प्रदेशानुसार बदलतात: टाइप २, सीसीएस, चाडेमो, चीनमध्ये जीबी/टी, उत्तर अमेरिकेत जे३४००. चार्जर ओसीपीपी हा, चार्जर व त्याचे नियंत्रण करणारी संगणकप्रणाली यांच्यातला, खुला संदेशनियम पाळणारा असावा, अन्यथा पुरवठादाराने सेवा बंद केली की पैसे वसुली आणि दूरनियंत्रणही अडते. सुरक्षेसाठी टाइप बी आरसीडी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण), किंवा ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखणारी सोय आणि तिच्या जोडीला टाइप ए आरसीडी लागते.

जमीन एकदा खणलीच असेल, तर पुढच्या चार्जरसाठी रिकामे पाइप त्याच चरात टाकून ठेवतात. फरसबंदी पुन्हा फोडण्यापेक्षा ते फार स्वस्त पडते.