माळवद

माळवद : लाकडी तुळया आणि कडीपाटावर मातीचा जाड थर देऊन केलेले सपाट छप्पर, तसेच अशा छपराचे घर. मराठवाडा व सोलापूर भागात हे नाव रूढ आहे. खानदेश आणि नाशिक-अहिल्यानगरकडे त्याला धाबे म्हणतात. कर्नाटकातील माळिगे व तेलुगू प्रदेशातील मिद्दे हे याच कुळातील प्रकार. वार्षिक पाऊस साधारणपणे 800 मिमी.च्या आत आणि उन्हाळी तापमान 40° से.च्या पुढे, अशा दख्खनच्या कोरड्या पट्ट्यात माळवदे आढळतात. कोकणात व घाटमाथ्यावर ती टिकणे शक्य नाही. वाळवण, उन्हाळ्यातील झोप इ. उपयोग सर्वपरिचित असल्याने त्यांचा विस्तार येथे केलेला नाही.

माळवदाच्या उगमाविषयी एकमत नाही. इनामगाव (जि. पुणे) येथे डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन घरे मिळाली, ती कुडाच्या भिंतींची व गवताने शाकारलेली असावीत, असे मानले जाते. सातवाहनकालीन थरांत, उदा. नेवासे येथे, भाजलेली कौले मिळतात, म्हणजे तेव्हाही किमान काही घरांना उतरते छप्पर होते. यावरून सपाट मातीचे छप्पर दख्खनमध्ये उशिरा, बहुधा बहमनी काळात पश्चिम आशियाच्या संपर्कातून रुजले, असा एक पक्ष आहे. दुसरा पक्ष त्याला पूर्णतः स्थानिक मानतो. अजिंठ्याच्या चित्रांत सपाट छताचे मंडप दिसतात खरे, पण ती दरबारी दृश्ये आहेत. त्यांवरून खेड्यातील घराविषयी काही ठरवणे धाडसाचे होईल. सपाट मातीच्या छपराचा पट्टा राजवटींच्या सीमांपेक्षा पर्जन्यछायेच्या प्रदेशाशी अधिक जुळतो, ही गोष्ट मात्र दुसऱ्या पक्षाला बळ देणारी आहे. मातीचे छप्पर सतत नवे होत असल्याने प्रत्यक्ष पुरावा उरत नाही. आज उभी असलेली बहुतेक माळवदे एकोणिसाव्या शतकापलीकडे नेता येतील, असे दिसत नाही.

रचनेचे एकक खण, म्हणजे खांबांमधील जागा, हे होय. तळखड्यांवर (खांबाखालच्या दगडी बैठकांवर) लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या व फळ्या, त्यांवर तुराट्या किंवा बारीक फाटे, वाळवी लागू नये म्हणून लिंबाचा पाला आणि मग माती, असा क्रम असतो. लाकूड ऐपतीनुसार साग, बाभूळ वा लिंब. मधल्या खणात उजेड-धुरासाठी साणे (छतातील झरोका) ठेवतात व पावसाळ्यात त्यावर फरशी सरकवतात. पाणी पन्हळांतून बाहेर पडते. भिंतीत ओल शिरली तर ती बहुधा याच जागी.

सर्वांत वरचा थर पांढऱ्या मातीचा. ती जुन्या गावठाणातून किंवा पडक्या गढीतून आणतात. शेतातली काळी माती येथे निरुपयोगी ठरते, कारण ती ओलीने फुगते आणि वाळताना भेगाळते. पांढरी माती पाणी का अडवते, याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. शतकानुशतकांच्या वस्तीची राख व चुना मिसळल्याने ती घट्ट बसते, हे पहिले. दुसऱ्यानुसार श्रेय क्षारांचे: सोडियमयुक्त क्षारांमुळे चिकणमातीचे कण सुटे होऊन छिद्रे बुजवतात आणि पाणी खाली झिरपत नाही. चोपण (सोडियमयुक्त क्षारांच्या) जमिनीवर पाऊस पडून गेल्यावर पाणी दिवसेंदिवस साचून राहते, ते याच कारणाने. जाणती माणसे वस्तीच्या जागेतली खारट माती निवडून घेतात आणि अशा माळवदावर गवतही कमी उगवते. त्यामुळे दुसरे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. दोन्ही कारणे एकत्र असण्यास अर्थात हरकत नाही.

घर थंड राहते ते वस्तुमानामुळे. माती उष्णता अडवण्यापेक्षा साठवते; दुपारचे ऊन आठ-दहा तासांनी आतल्या बाजूस पोहोचते, तोवर बाहेर रात्र झालेली असते आणि घरातली माणसे माळवदावर निजलेली असतात. दिवसरात्रीच्या तापमानात मोठे अंतर असेल तेथेच ही युक्ती चालते.

दोष देखभालीत दडलेला आहे. दर उन्हाळ्याच्या शेवटी मातीचा नवा हात दिला जातो, जुना मात्र सहसा कोणी काढत नाही. थर वाढत जाऊन 50 सेंमी. झाला, तर प्रत्येक चौ. मीटरवर सुमारे 800 किग्रॅ. भार येतो, नेहमीच्या काँक्रीट स्लॅबच्या तो दुपटीहून अधिक आहे.

30 सप्टेंबर 1993 रोजी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे, किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात (परिमाण सु. 6.2) लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मरण पावली. त्यानंतर माळवद हे नाव मृत्यूशी जोडले गेले. अभियांत्रिकी पाहण्यांचे चित्र याहून गुंतागुंतीचे आहे. भिंती मातीत रचलेल्या गोल दगडांच्या, 60 सेंमी.पासून कधीकधी मीटरभराहून जाड. बाहेरचा व आतला असे त्यांचे दोन पदर आणि मध्ये भराव. दोन्ही पदरांना जोडणारे आरपार दगड बहुधा नसत. हादऱ्याने पदर सुटले आणि भिंती कोसळल्या. जेथे तुळया थेट भिंतीवर टेकल्या होत्या तेथे छप्परही आले; खांबांवर तोललेली माळवदे मात्र अनेक ठिकाणी भिंती पडूनही उभी राहिली. तेव्हा मुख्य दोष भिंतीचा आणि छपराचे वजन हे तो वाढवणारे कारण, असे म्हणणे अधिक योग्य. हा प्रदेश त्या वेळी भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या विभागात गणला जात होता, हेही विसरता येत नाही. 2002 च्या सुधारित भूकंपविषयक भारतीय मानकात तो विभाग तीनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात, आला.

पूर्णतः उद्ध्वस्त झालेली 52 गावे नव्या जागी वसवण्यात आली. उरलेल्या घरांसाठी जे मजबुतीकरण सुचवले गेले, त्याचा गाभा साधा होता: वरची माती काढून थर पातळ करणे, भिंतीत आरपार दगड वा काँक्रीटचे दुवे बसवणे, सर्व भिंतींना बांधणारा पट्टा ओतणे आणि खांब-तुळईच्या सांध्यात तिरके आधार देणे. भारतीय मानक 13828 (1993) नुसार अशा दगडी भिंतीची जाडी 45 सेंमी.हून अधिक नसावी आणि आरपार दगड उंचीत दर 60 सेंमी.ला, आडवे 1.2 मी.च्या आत असावेत. प्रत्यक्षात दगडमातीची धास्ती बसलेल्या लोकांनी बऱ्याच ठिकाणी स्लॅबची नाहीतर पत्र्याची खोली पसंत केली. पत्रा हलका, पण एप्रिल-मेमध्ये त्याखाली दुपार काढणे कठीण.

जुन्या-नव्याची सांगड घालणाऱ्या घरांत माळवदाचे गुण वेगवेगळ्या भागांत वाटून घेतलेले दिसतात. वस्तुमान भिंतीकडे जाते : पाच ते आठ टक्के सिमेंट मिसळून दाबलेल्या मातीच्या विटा, ज्यांवर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत 1970 च्या दशकापासून काम झाले. काळ्या मातीला हे प्रमाण पुरत नाही. मुरूम वा वाळू मिसळावी लागते किंवा चुना वापरावा लागतो. छतासाठी लॉरी बेकर (1917–2007) यांनी केरळमध्ये रूढ केलेला भराव-स्लॅब, म्हणजे काँक्रीटच्या खालच्या भागात कौले बसवून सिमेंट व वजन वाचवणे, किंवा लोखंडी तुळयांवर शहाबादी फरशी आणि वर चुन्याचा कोबा (ठोकून घट्ट केलेला थर). सर्वांत वर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवले की ऊन परावर्तित होते.

येथे एक गैरसमज आढळतो. स्लॅबवर 10 सेंमी. माती टाकली की माळवद झाले, असे नाही. एवढ्या थराने उष्णतेचा प्रवास काही तासच लांबतो. इको-निवास संहिता (2018) ही निवासी इमारतींसाठीची ऊर्जाबचतीची संहिता छतातून जाणाऱ्या उष्णतेसाठी प्रति चौ. मी. प्रति अंश 1.2 वॉट ही मर्यादा घालते आणि उघडा काँक्रीट स्लॅब तिच्या दोन-तीन पटींवर असतो. पातळ थराला म्हणून उष्णतारोधक पदर किंवा छताच्या वर सावलीची जोड लागतेच.

पांढऱ्या मातीचा पुरवठा ही वेगळी अडचण आहे. तिची टेकाडे म्हणजेच प्राचीन वस्त्यांची स्थळे. खत म्हणून शेतात वाहून नेल्याने त्यांतील कित्येक आधीच खरवडली गेली आहेत आणि संरक्षित स्थळी खणण्यास कायद्याने बंदी आहे. नव्या कामात मुरूम, चुना व भुसा यांचे मिश्रण वापरतात.