हात नको, पाय बघ

फोंड्याला आमच्या शेजारचा मुलगा बॉक्सिंग शिकतो. वजन ४८ किलोंच्या आतबाहेर. दुकानातली तांदळाची गोण तुझ्यापेक्षा जड, असं घरचे त्याला चिडवतात. परवा कुरकुरत आला, "काका, आमच्या वजनाचं बॉक्सिंग बघतंय कोण?" मी मोबाईलवर रिकार्दो लोपेझची जुनी लढत लावून दिली.

१९९०च्या फेब्रुवारीत टोकियोत बस्टर डग्लसने माइक टायसनला लोळवलं, ते सगळ्यांना पाठ आहे. त्याच वर्षी, त्याच शहरात, २५ ऑक्टोबरला मेक्सिकोच्या लोपेझने जपानच्या हिदेयुकी ओहाशीला पाचव्या फेरीत गारद करून जगज्जेतेपद घेतलं. ते कुणाच्या गावी नाही. वजनगट सगळ्यांत खालचा, ४७.६ किलोंचा. २००१ मध्ये तो शेवटची लढत लढला तेव्हा खात्यात ५१ विजय, एक बरोबरी, पराभव शून्य. यातल्या ३८ लढती त्याने नॉकआउटने जिंकल्या.

एवढ्याशा अंगात एवढा जोर? स्नायूची ताकद ठरते त्याच्या जाडीवर, आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर. वजन ठरतं घनफळावर. माणूस सगळीकडून दीडपट केला तर ताकद सव्वादोन पट होईल, वजन मात्र जवळजवळ साडेतीन पट. म्हणजे वजनाच्या मानाने लहान माणूसच जास्त ताकदवान. शिवाय आखूड, हलका हात फिरवायला सोपा. हलक्या गटांत ठोशांचा पाऊस पडतो तो यामुळे.

पण हा फायदा समोरच्यालाही तेवढाच मिळतो. तिथून पुढे कसब.

डोळ्याने पाहून हात हलायला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. चांगला जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, त्याआधीच येऊन पोचलेला असतो. म्हणून बॉक्सर ठोसा बघून वाचत नाही. खांदा किती कलला, पाय कुठे सरकला, यावरून आधीच अंदाज बांधतो. लोपेझ ही चाहूलच देत नाही. दोन्ही मुठी हनुवटीशी, पायांत ठरलेलं अंतर, आणि प्रत्येक ठोसा त्याच ठाणातून निघून तिथेच परत.

आता पाय. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं जाळं, ओढणारे पाहिलेत ना? नुसत्या दंडाने कुणी ओढत नाही. टाचा वाळूत रुततात, जोर मांडीतून कमरेत, कमरेतून दोरात जातो. ठोशाचंही तसंच, जमिनीपासून सुरू होतो. हूक, म्हणजे वाकवलेल्या हाताचा बाजूने येणारा ठोसा, मारताना बहुतेकांचा तोल पुढच्या गुडघ्यापलीकडे जातो आणि सावरण्यात पुढची संधी निसटते. लोपेझचं धड मात्र जागच्या जागी, रवीसारखं फिरतं. तोल दोन पावलांच्या मध्येच. डाव्या हूकने धड उजवीकडे वळतं, भार उजव्या पायावर येतो, आणि त्याच दाबातून उजवा अपरकट, खालून वर जाणारा ठोसा, उसळतो. एकाची अखेर ती दुसऱ्याची सुरुवात. मला तरी हे भल्याभल्या हेवीवेटांपेक्षा देखणं वाटतं.

पखवाज वाजवणाऱ्याला आणखी एक गोष्ट लगेच कळेल. हात आधीपासून ताठ ठेवला तर थाप मेलेली पडते. लोपेझची मूठही वाटेत सैल असते, भिडताक्षणी आवळते; तेवढ्या क्षणापुरता हात, खांदा, धड एकसंध होऊन सगळं वजन ठोशामागे येतं. त्यात अपरकट हनुवटीला. मानेच्या सांध्यापासून हनुवटी लांब, म्हणजे तरफच ती. डोकं झटक्यात फिरतं, कवटीतला मेंदू मागे रेंगाळतो, आणि माणूस खाली बसतो.

लोपेझलाही हे चुकलं नाही. १९९८ मध्ये निकाराग्वाच्या रोसेंदो आल्वारेसने त्याला पहिल्यांदा जमीन दाखवली. ती लढत बरोबरीत सुटली. नोव्हेंबरात दोघे पुन्हा भिडले, तेव्हा लोपेझ निसटता जिंकला.

मुलाने अपरकटचा तो तुकडा चार वेळा मागे नेऊन पाहिला. संध्याकाळी अंगणात खडूने दोन रेघा मारून तो त्यांत उभा होता. हूक, अपरकट, मग मान खाली घालून पाहायचं. डावा पाय दर वेळी रेघेबाहेर.