स्पिटफायरचा गिअरबॉक्स आणि मद्रासची हेराल्ड

गेल्या पावसाळ्यात फोंड्याच्या एका गॅरेजात ट्रायम्फ स्पिटफायर ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आली होती. मार्क टू (दुसरी आवृत्ती), ११४७ सीसी, म्हणजे १९६५ ते १९६७ मधली. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरला खालून जात्यासारखी घरघर येते आणि चौथा पडला की सगळं शांत होतं, अशी मालकाची तक्रार होती. मेस्त्रींनी गाडी सुरू करायलाही सांगितलं नाही. "लेशाफ्ट गेला, बाब," म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सीट काढायला घेतल्या. लेशाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाचा दांडा, मधल्या दातचाकांचा संच त्याच्यावर फिरतो. बॉक्स उघडला तेव्हा लेशाफ्टच्या टोकाला, सुईच्या (बारीक पोलादी कांड्यांच्या) बेअरिंगखाली, पोलादाची कातडी सोलून निघाली होती.

न उघडता हे कसं कळलं, याचं उत्तर १८९८ सालात सापडतं. त्याआधी, १८९०च्या दशकात, पॅरिसच्या पॅनार्ड-लेव्हासोर कारखान्याने सरकत्या दातचाकांचा गिअरबॉक्स मोटारीत आणला होता. एका दांड्यावरची चाकं सरकवून दुसऱ्या दांड्यावरच्या चाकांत अडकवायची, अशी ती रचना. दात दातावर आपटायचे, आवाज व्हायचा, पण गाडी चालायची. मग लुई रेनॉ या तरुणाने आपल्या छोट्या गाडीत वेगळी युक्ती केली. वरच्या गिअरला इंजिनाकडून येणारा दांडा आणि मागे चाकांकडे जाणारा दांडा थेट एकमेकांत अडकवायचे, मधल्या दातचाकांवर भारच येऊ द्यायचा नाही. २४ डिसेंबर १८९८ रोजी त्याने ती गाडी माँमार्त्रच्या लेपिक रस्त्याच्या चढावर नेऊन दाखवली, आणि पुढच्या वर्षी या युक्तीचं पेटंट घेतलं. पुढे जगभरच्या गाड्यांनी हीच रचना उचलली. स्पिटफायरचा चौथा गिअर हा तोच डायरेक्ट गिअर. चौथ्यात लेशाफ्टवरचा संच फिरत राहतो, पण त्याच्यावर ओझं नसतं. म्हणून तीन गिअरना घरघर आणि चौथ्याला शांतता असली, की मेस्त्रीचा हात आधी लेशाफ्टकडे जातो.

दात आपटण्याचा प्रश्न सुटायला आणखी तीस वर्षं गेली. अर्ल थॉम्पसन या अमेरिकन इंजिनिअरची सिंक्रोमेशची कल्पना १९२८ साली कॅडिलॅकने बाजारात आणली. गिअर अडकण्याआधी शंकूच्या आकाराच्या दोन पृष्ठभागांचं घर्षण होतं, दोन्ही भागांची गती जुळते, मग दात शांतपणे बसतात. या घर्षणासाठी पितळेची किंवा ब्राँझची रिंग लागते, आणि गिअरबॉक्समधला सगळ्यात आधी झिजणारा भाग तोच. पोर्शने १९५२ पासून आपल्या ३५६ या गाडीत वापरलेली रिंग वेगळ्या घडणीची होती, पण काम तेच. ब्रिटिश कंपन्यांनी खर्च वाचवत बहुतेक गाड्यांना वरच्या तीन गिअरनाच सिंक्रो दिलं. पहिला गिअर गाडी थांबलेली असतानाच टाकायचा, असा त्यामागचा हिशेब. स्पिटफायरला पहिल्या गिअरचं सिंक्रो थेट १९७०च्या अखेरीस आलेल्या मार्क फोरमध्ये मिळालं.

गोव्यात हा हिशेब चुकायचा, आणि त्याचं कारण मला नद्यांमध्ये दिसतं. आगशी–कुठ्ठाळी किंवा पणजी–बेती ओलांडायचं तर गाडी फेरीबोटीवर चढवावी लागे. उतारावरून रांगत खाली, फळीवर चढताना पुन्हा जोर, बोटीवर इंच इंच पुढे. चाकं फिरत असतानाच ड्रायव्हरला पहिला गिअर लागायचा. डबल क्लच (मध्ये न्यूट्रलला येऊन क्लच दोनदा दाबणं) मारता येणारे निभावून न्यायचे, बाकीच्यांच्या पहिल्या गिअरचे दात कडेने तुटत जायचे. १९७० साली मांडवीवर पूल झाला, पण ५ जुलै १९८६ रोजी तो कोसळला आणि बेतीच्या धक्क्यावर पुन्हा रांगा लागल्या. त्या पिढीतले मेस्त्री जुना बॉक्स उघडला की आधी पहिल्या गिअरची कड बोटाने चाचपतात. या स्पिटफायरचीही त्यांनी तशीच चाचपली.

आता त्या बॉक्सच्या घराण्याकडे वळू, कारण सगळी गोष्ट तिथे आहे. स्पिटफायर १९६२ साली आली. नाव लढाऊ विमानाचं, अंगावरची रेषा इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीची, पण पोटातला बहुतेक माल घरगुती गाडीचा. इंजिन, गिअरबॉक्स, मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डिफरन्शियल हे सगळं १९५९ च्या ट्रायम्फ हेराल्ड या साध्या कुटुंबाच्या गाडीतून आलेलं. हेराल्डचा गिअरबॉक्ससुद्धा तिच्यासाठी नवा बनवलेला नव्हता, त्याची मुळं १९५३ च्या स्टँडर्ड एट या त्याहून स्वस्त गाडीत होती. ब्रिटिश स्पोर्ट्स कार अशाच घडत. एमजीची मॉरिसच्या सामानावर, ऑस्टिन-हीली स्प्राइटची ऑस्टिनच्या सामानावर. आपल्या अँबेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन आणि सुरुवातीच्या एमजीएचं इंजिन एकाच बी-सिरीज घराण्यातलं, हे ऐकून आजही अनेकांना नवल वाटतं. मला ही या गाड्यांची सगळ्यात मोठी पुण्याई वाटते. श्रीमंतांची खेळणी म्हणून त्या वेगळ्या घडवल्या असत्या, तर त्यांचे सुटे भाग कधीच संपून गेले असते.

कारण हेराल्ड मद्रासलाही बनू लागली होती. मद्रासजवळच्या कारखान्यात स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने १९६१ पासून ती 'स्टँडर्ड हेराल्ड' म्हणून काढली. इंजिन ९४८ सीसीचं. १९६८ साली तिची चार दारांची आवृत्ती आली, जी इंग्लंडमध्ये कधीच निघाली नाही. १९७२ पासून तिची जागा त्याच कंपनीच्या गझेल या गाडीने घेतली आणि १९७७ च्या सुमारास तीही थांबली. तोवर देशभर हेराल्डचे भाग पसरले होते. आयातीवर कडक बंधनं असलेल्या त्या काळात इंग्लंडहून पितळी रिंग मागवणं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचं होतं, पण भंगारात काढलेल्या हेराल्डचा बॉक्स मुंबईत किंवा बेळगावात शोधता यायचा.

गोव्याला ही टंचाई उशिरा आणि एकदम भेटली. १९५५ पासून भारताने आर्थिक नाकेबंदी केली, रेल्वे बंद पडली, पण मुरगाव बंदरातून युरोपचा माल येत राहिला. खनिजाच्या पैशाने ओपेल, फोक्सवॅगन, मर्सिडीज, ऑस्टिन अशा गाड्या घरोघर दिसू लागल्या. (पोर्तुगाल १९२८ पासून उजव्या बाजूने गाडी चालवू लागला, गोवा मात्र शेजारच्या ब्रिटिश मुलखाप्रमाणे डावीकडूनच चालत राहिला.) १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि भारताचे आयात नियम इथेही लागू झाले. गाड्या होत्या, पण त्यांचं सामान येण्याची वाट बंद झाली. मडगाव, म्हापसा, फोंड्याच्या मेस्त्रींची पिढी तिथे तयार झाली. लेथवर बुश ओढणं, तुटक्या दातावर वेल्डिंग भरून कानशीने आकार देणं, पॅकिंग कागदातून कापणं, हे सगळं त्यांनी गरजेपोटी आत्मसात केलं.

त्या हातांबद्दल मला आदर आहे, म्हणूनच एक गोष्ट स्पष्ट सांगतो. लेथवर साध्या पोलादाचा ओढलेला लेशाफ्ट बसवू नये. सुईच्या बेअरिंगला आतली वेगळी कडी नसते, त्या सुया थेट शाफ्टवरच लोळतात. शाफ्टचा वरचा थर कडक केलेला आणि मग ग्राइंड केलेला नसेल, तर काही महिन्यांत तो पुन्हा सोलतो आणि ते कण तेलातून साऱ्या बॉक्सभर फिरतात. टंचाईच्या दिवसांत इलाज नव्हता. आज इंग्लंडमध्ये हे भाग पुन्हा बनतात, कस्टम ड्यूटी भरून आणता येतात, तर तिथे पैसे वाचवू नयेत.

या गाडीला लेशाफ्ट आणि बेअरिंग इंग्लंडहून आले. दुसऱ्या गिअरची दातचाकं मात्र मेस्त्रींकडे जपून ठेवलेल्या हेराल्डच्या बॉक्समधून घ्यायची ठरली, आणि तिथे अर्धा दिवस गेला तो दात मोजण्यात. ९४८ सीसीच्या हेराल्डचे रेशो, म्हणजे जोडीतल्या दातांची प्रमाणं, वेगळे असतात. चाकं आकाराने जवळपास सारखी दिसली तरी जोडी जुळत नाही. स्पिटफायरचा पहिला गिअर ३.७५, दुसरा २.१६, तिसरा १.३९. सुदैवाने तो बॉक्स ११४७ चा निघाला.

जोडणीचं काम पाहण्यासारखं असतं. लेशाफ्टच्या सुया ग्रीसमध्ये चिकटवून एकेक लावायच्या, आतून तेवढ्याच लांबीची खोटी दांडी सरकवायची, सगळा संच बॉक्सच्या तळाशी निजवायचा, मेन शाफ्ट बसला की मग तो संच उचलून खरा शाफ्ट घालत खोटी दांडी बाहेर ढकलायची. एक सुई पडली तर पुन्हा पहिल्यापासून. थ्रस्ट वॉशर बदलून पुढे-मागे होणारा प्ले ठरलेल्या मापात आणायचा. मग बॉक्स गाडीत चढवायचा तो आतूनच, दोन सीटांच्या मधल्या उंचवट्याचं झाकण काढून. एमजीबीला इंजिनासकट सगळं पुढून उचलावं लागतं, स्पिटफायरमध्ये दोन माणसं आणि इंजिनाखाली एक जॅक पुरतो. क्लच प्लेट मधोमध बसली नसेल तर मात्र बॉक्सचा पुढचा दांडा (इनपुट शाफ्ट) आत जातच नाही, कितीही जोर लावा.

तेलाचा मुद्दा छोटा, पण इथेच चूक होते. दुकानात सहज मिळणारं जीएल-५ प्रतीचं गिअर ऑइल डिफरन्शियलसाठी चांगलं, पण त्यातल्या गंधकाच्या रसायनांनी पितळी रिंगा खाल्ल्या जाऊ शकतात. या बॉक्सला जीएल-४. क्लचच्या पाइपातलं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि आपल्या हवेत पाण्याला तोटा नाही, म्हणून बॉक्स बाहेर असतानाच तेही बदललं आणि क्लच सिलिंडरचं रबर नवं घातलं.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल केलेले नसावेत ही त्यातली अट. गिअरबॉक्सचं नाव त्या यादीत नाही, पण मालकाने मूळ बॉक्सचं कवच, त्यावरच्या नंबरासकट, तेच ठेवलं.

चाचणीला मेस्त्रींनी गाडी फर्मागुडीच्या चढावर नेली. मी शेजारी बसलो होतो. तिसऱ्यात चढ संपेपर्यंत त्यांनी तळहात गिअरच्या दांड्यावर सैल ठेवला होता, थरथर येते का ते बघत. मग वर थांबून मालकाला म्हणाले, "पाचशे किलोमीटर झाले की परत आणा, तेल काढायचंय. पितळेची पूड किती येते ती मला बघायची आहे."