राजाचा चेहरा किती आकसला?

पदक म्हटले की आपल्याला स्पर्धा आठवते. पंधराव्या शतकातल्या इटलीत मात्र पदक जिंकायचे नव्हते आणि नाणे म्हणून बाजारातही चालायचे नव्हते. सत्ताधीश स्वतःचाच चेहरा ब्राँझमध्ये ओतवून घ्यायचा आणि दरबाऱ्यांना, मित्रांना, शेजारच्या राजांना भेट पाठवायचा.

१४३८ मध्ये बायझंटाइन सम्राट आठवा जॉन तुर्कांविरुद्ध मदत मिळवण्यासाठी इटलीतल्या फेरारा शहरात आला. चित्रकार पिसानेलोने त्याचा उंच टोपीतला चेहरा सुमारे दहा सेंटिमीटरच्या चकतीवर उतरवला. १४५३ मध्ये त्याच्या साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती पडली, चेहरा राहिला. रिमिनीचा सत्ताधीश सिगिस्मोंदो मालातेस्ता याने तर आपली पदके इमारतींच्या भिंतींत चिणून ठेवली. पुढे ती खरोखरच सापडली.

आता मला सर्वांत आवडणारी गोष्ट. ही पदके ठोकून नव्हे, ओतून केलेली असत. आधी मेणाची प्रतिकृती, तिच्यावरून बारीक मातीचा दोन भागांचा साचा, मग त्यात वितळलेले ब्राँझ. ब्राँझचा एकरेषीय प्रसरणांक, म्हणजे तापमान एका अंशाने बदलल्यावर लांबी किती पटीने बदलते तो आकडा, अंश सेल्सिअसला साधारण ०.००००१८ असतो. गोठल्यावर ते खोलीच्या तापमानापर्यंत सुमारे ८५० अंशांनी थंड होते. गुणाकार केला की ०.०१५ येतात, म्हणजे दीड टक्का. फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, ज्याच्यावरून साचा करायचा तो नमुना (पॅटर्न) बनवणारा कारागीर तो थोडा मोठा करतो ते याच आकुंचनाची भरपाई म्हणून.

शंभर वर्षांनी कोणी मेणाऐवजी तयार पदकच मातीत दाबून साचा केला तर? १०० मिलिमीटरचे पदक ९८.५ होते. त्या नकलेची नक्कल केली तर ९७. प्रत्येक पिढीला राजा आकसतो, डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या आणि अक्षरांच्या कडाही बोथट होतात. कड कानशीने घासलेली असू शकते, म्हणून व्यास मोजून भागत नाही; नाकाच्या टोकापासून एखाद्या अक्षरापर्यंतचे अंतर कॅलिपरने मोजायचे आणि दुसऱ्या प्रतीशी ताडून पाहायचे. साचा वाळताना मातीही थोडी आकसते, त्यामुळे एकट्या आकड्यावर निकाल देऊ नये. पण दोन प्रतींमधली थोरली कोणती, हे बहुतेक वेळा कळते.

हिरवा गंज दिसला की वस्तू जुनी, असे विक्रेते सांगतात. तो गंज रसायनांनी थोड्या काळात आणता येतो. जुन्या तांब्याच्या चकत्या तांदूळ ओढतात, म्हणून त्या लाखोंना विकणारे तर सरळ फसवतात. तांबे तांदूळ ओढत नाही, आणि जादूच्या नावाखाली घामाचा पैसा जातो याची मला चीड येते.

भिंतीत सापडलेल्या मालातेस्ताच्या पदकांचे मोल यामुळेच वेगळे. बांधकामाच्या वेळीच चिणलेले पदक नंतरच्या शतकातली नक्कल असूच शकत नाही. त्याच नमुन्याची बाहेर फिरणारी प्रत हाती आली, तर तिच्याशेजारी ठेवायला मोजपट्टी तयार असते.